तौवूला दिलेली उत्तरं

नाइथोबो,
१७ ऑगस्ट १९९२

चि. तोरिका हिस,
मोमो पेनायाचे अ. उ. आ.

इकडची खुशाली म्हणावी तर अर्धीच आहे. माझ्या बायकोने, तुझ्या नेईने पाठवलेली चटई आणि धुरावलेले मासे मिळाले असतील. मासे ऑफिसात उघडू नकोस असं ती बजावते. मागच्या वेळी तुझ्या साहेबांना सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या, ही बातमी सुवाहून इथे तुझ्या पत्राच्या आधी पोचली होती.

आता कामाचं. गावप्रमुख म्हणून माझ्या नावाने आरोग्य खात्याचं पत्र आलं आहे. तुमच्या संस्थेने लहान बेटांवर जी पाहणी केली, तिच्यात म्हणे नाइथोबोची निम्म्याहून कमी घरं नर्सकडे जातात असं निघालं. जिथे निम्म्याहून कमी, तिथलं केंद्र ख्रिसमसनंतर बंद, आणि आमची नर्स केलेरा मोठ्या बेटावर. मी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. केंद्राबाहेरच्या बाकावर माणसं मावत नाहीत म्हणून मी स्वतः नारळाचा ओंडका ओढत नेऊन तिथे टाकला आहे, आणि हे म्हणतात कुणी जात नाही!

विलिसीचे दिवस जानेवारीत भरतात. माझ्या लेकीचं पहिलं बाळ कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. केलेरा तेव्हा प्रशिक्षणाला सुवात होती, म्हणून पोरीला बोटीत घालून निघालो, आणि प्रवाळाची रांग ओलांडायच्या आत सगळं संपलं. जानेवारी म्हणजे वादळांचे दिवस. त्या बोटीत मी तिला दुसऱ्यांदा बसवणार नाही.

वाईट याचं वाटतं की ही पाहणी आम्ही किती हौसेने करून घेतली! तुमची माणसं यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून रीतसर आली. घरांच्या चिठ्ठ्या माझ्याच टोपलीत टाकल्या, हलवल्या आणि दोघांनी निम्मी निम्मी घरं वाटून घेतली. एक ती लितिया, भारी गंभीर पोरगी, आमच्यापैकी कुणाशी दूरचंही नातं नाही. आणि दुसरा आपोरोसी, चक्क वातुलोआचा! एकाच पूर्वजाची आम्ही दोन गावं, एकमेकांचे तौवू. वातुलोआचा माणूस किनाऱ्याला लागला आणि आम्ही त्याची खोड काढली नाही तर त्या पूर्वजाला काय तोंड दाखवायचं? बायकांनी त्याच्या डोक्यात पीठ ओतलं. त्याची टोपी मी काढून घेतली, अजून घालतो आहे. गाव इतकं हसलं की रविवारच्या प्रार्थनेत कुणाला सूर लागेना.

तर आता तू लक्ष घाल. तू आमची वासू, माझ्या बहिणीची लेक आहेस. आईच्या गावातली कुठलीही वस्तू न विचारता उचलायचा तुला हक्क आहे. लहानपणी माझं डुकराचं पिल्लू उचलून नेलंस तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. तसाच तो आमच्या नावापुढचा आकडा उचल आणि तिथे चांगलासा दुसरा ठेव. पुढल्या बोटीने दोन ओळी टाक.

तुझ्यावर लोभ करणारा आणि उत्तराची वाट बघणारा,
मोमो

*

सुवा,
२८ ऑगस्ट १९९२

ती. मोमो यांस,
तोरिकाचा शि. सा. न. वि. वि.

मासे पोचले. ऑफिसात उघडले नाहीत, जिन्यात उघडले. वास ऑफिसात आपोआप गेला. नेईला सांगा, चटईवर बसूनच लिहिते आहे.

विलिसीची काळजी मलाही आहे. त्या बोटीत तेव्हा मी नव्हते याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून पुढचं लिहिताना माझा हात जड झाला आहे, पण लिहिते. आकडा मी बदलणार नाही. वासूचा हक्क डुकरावर चालतो, चटईवर चालतो, तुमच्या डोक्यावरच्या टोपीवरही चालेल. तक्त्यावर चालत नाही. आज आईच्या गावासाठी मी एक आकडा खोडला, की उद्या कुठल्याच गावाचा आकडा कुणी खरा का मानावा? आणि ज्या दिवशी नाइथोबोच्या बाजूने खरा आकडा येईल, त्या दिवशी तरी लोकांनी तो का मानावा?

पण तुम्ही खोटं बोलत नाही हेही मला ठाऊक आहे. ईस्टरला आले होते तेव्हा केलेराच्या बाकावर मलाच जागा मिळाली नव्हती. तुमच्या चाळीस घरांपैकी सतरा घरांनी सांगितलं की गेल्या तीन महिन्यांत आमच्यातलं कुणीतरी नर्सकडे गेलं होतं. वीस म्हणजे निम्मी. तीन घरांनी गेलं. माझ्या डोळ्यांना दिसलं एक आणि तक्त्यात उमटलं दुसरं. दोघांपैकी कोण चुकलं ते मी शोधून काढणार. कोणत्या घराने काय सांगितलं हे मात्र तुम्हाला कधी कळणार नाही. तसा शब्द देऊनच आम्ही विचारतो.

चिडवायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. वातुलोआने तुम्हाला हरवलं बरं का! तिथे मी आणि लितिया गेलो होतो. माझी आई नाइथोबोची हे कळल्याबरोबर त्यांनी माझी नवी निळी छत्री पळवली आणि मला भर उन्हात घरोघर फिरवलं. पण नर्सवर काय माया त्या लोकांची! मी विचारलेल्या घरांत एखादंच सोडून सगळी नर्सकडे जाणारी. एक म्हातारी तर म्हणाली की ती रोज सकाळी जाते, दुखत नसलं तरी. तुमच्या तौवूंकडून काही शिका.

आमचे मुख्य डॉक्टर गौंडर यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तो माणूस पुरावा असल्याशिवाय पाऊस पडतोय हेही मान्य करत नाही, म्हणून हातात काही आल्यावरच जाईन.

लोभ आहे तो राहू द्या, राग आला असेल तर बोटीने पाठवून द्या.
तुमची वासू,
तोरिका

*

नाइथोबो,
७ सप्टेंबर १९९२

चि. तोरिका हिस, आशीर्वाद.

राग बोटीने पाठव म्हणालीस, पाठवतो आहे. तू लहान असताना तुला कुणी मोजमाप शिकवलं? मी. किनाऱ्यावर शिंपले मांडून. त्या मोजमापाने आज माझ्या लेकीची नर्स जाते आहे, आणि तू मला शिकवतेस की तक्ता म्हणजे डुक्कर नव्हे.

तीन घरं, तोरिका. तीन घरांनी काय बुडणार होतं तुझं? विलिसीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेतलं आणि घडी घालत बसली. नेई म्हणते की तोरिकाची आई अशीच होती, एकदा नाही म्हणाली की चर्चची घंटा वाजली तरी हलायची नाही. नेईला वाटतं ही तुझी तारीफ आहे. मला आज तसं वाटत नाही.

दालोचे कंद पाठवले आहेत. रागावलो म्हणून तुला उपाशी ठेवणार नाही.
मोमो

*

सुवा,
२१ सप्टेंबर १९९२

ती. मोमो यांस, सा. न. वि. वि.

राग पोचला, दालोही पोचला. दालो शिजला. राग तसाच आहे, तुमच्या सहीसकट उशाशी ठेवला आहे. शिंपले मांडून मला मोजायला तुम्हीच शिकवलंत हे अगदी खरं, म्हणून काय केलं ते त्याच भाषेत सांगते.

तुमची उत्तरं मी दोन ढिगांत वेगळी केली: लितियाने विचारलेली वीस घरं आणि आपोरोसीने विचारलेली वीस घरं. लितियाच्या विसांपैकी पंधरा घरं नर्सकडे जातात. आपोरोसीच्या विसांपैकी दोन. मोमो, गाव एकच, आठवडा तोच, प्रश्न शब्दाला शब्द तेच! एका खाडीत दोघांनी जाळी टाकली तर एकाला थोडे जास्त मासे, एकाला थोडे कमी, हे चालायचंच. पण एकाचं जाळं फाटायला आलं आणि दुसऱ्याचं रिकामं, असं झालं तर माणूस मासे बघत नाही, जाळं बघतो.

तरी म्हटलं, चिठ्ठ्यांचा खेळ आहे, नशिबानेही असं झालं असेल. मग बाजारातून चाळीस कवड्या आणल्या, सतरा पांढऱ्या आणि बाकी काळ्या. टोपलीत घालून हलवल्या आणि न बघता वीस काढल्या. त्या लितियाच्या. पांढऱ्या किती आल्या ते लिहिलं, परत टाकल्या, परत हलवल्या. आठ येतात, नऊ येतात, कधी दहा. एकदा बारा आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. पंधरा काही केल्या येईनात. डॉक्टर गौंडर डोकावले, माझ्या हातावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून बाह्या सारून स्वतः काढत बसले. त्यांचा चहा गार झाला. शेवटी टोपली बाजूला ठेवून म्हणाले की हे नशीब नव्हे, इथे काहीतरी घडलं आहे.

पण काय घडलं याबद्दल त्यांचं मत वेगळं पडलं. त्यांना वाटतं आपोरोसी घराघरांत गेलाच नाही, तुमच्याकडे यांगोना पीत बसला आणि कागद मनाने भरले. त्यांनी त्याला घरी बसायला सांगितलं आहे. बिचारा एवढंच म्हणाला की लोक जे बोलले तेच मी लिहिलं. मी त्याची दुसऱ्या बेटांवरची उत्तरंही काढून पाहिली. तिथे त्याच्यात आणि जोडीदारात काही फरक नाही. जाळं फक्त नाइथोबोत फाटतं.

मग तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढलं. पीठ, टोपी, हसून हसून सूर न लागणं. मोमो, गावप्रमुख आहात म्हणून नव्हे, माझे मामा आहात म्हणूनही नव्हे, धर्मोपदेशक आहात म्हणून विचारते. आपोरोसीने प्रश्न विचारले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याला काय उत्तरं दिलीत? एका माणसाची रोजी त्यावर अडली आहे, आणि विलिसीची नर्सही.

उत्तर सरळ द्या. मी तौवू नाही.
तोरिका

*

नाइथोबो,
१ ऑक्टोबर १९९२

चि. तोरिका हिस, अ. उ. आ.

ओइलेई, तोरिका! तुझं पत्र मी सभेत वाचायला घेतलं. 'काय उत्तरं दिलीत' इथपर्यंत आलो आणि आधी म्हातारा कामिनिएली हसायला लागला, मग सगळे. आणि मग एकेक करून सगळे गप्प झाले.

दुसऱ्यांची नावं मी घेत नाही, आपलं आपण सांगायचं असं सभेत ठरलं. आपोरोसीने मला विचारलं की आजारी पडल्यावर कुठे जाता. मी सांगितलं की वातुलोआला जातो, तिथल्या लोकांचे चेहरे बघितले की आजार घाबरून पळतो. नेई म्हणाली की केलेरा नर्स आहे हे तिला आजच कळतंय, आम्हाला वाटायचं बाई मासे विकत घ्यायला राहिली आहे. कामिनिएलीच्या पायाला त्याच सकाळी केलेराने पट्टी बांधली होती. त्याने पाय चटईखाली लपवला आणि सांगितलं की वातुलोआचं जेवण कधी जेवलो नाही, म्हणून जन्मात आजारी पडलो नाही. हे सगळं तुला कळवायची परवानगी त्याने स्वतः दिली आहे, वर हेही लिही म्हणाला की उत्तर चांगलं जमलं होतं.

आपोरोसी काय करणार? तोही आमच्याच रक्ताचा. लिहून घेत होता आणि म्हणत होता की तरीच नाइथोबोचे लोक असे दिसतात.

तू सुवात वाढलीस, म्हणून तुला हे नीट सांगतो. तौवूला सरळ उत्तर देणं म्हणजे त्याला परका मानणं. त्याने गंभीर तोंड करून विचारलं आणि आम्ही गंभीर तोंड करून सांगितलं असतं, तर तो घरी जाऊन म्हणाला असता की नाइथोबोने आता नातं तोडलं. कागद खात्याचा आहे हे आमच्या डोक्यात आलंच नाही. आम्हाला समोर फक्त आपोरोसी दिसत होता. लितियाला मात्र सगळ्यांनी नीट सांगितलं, कारण तिची आम्हाला थोडी भीतीच वाटली.

पोराच्या पोटावर पाय आला याची गावाला लाज वाटते आहे. रीतीप्रमाणे माफी मागायला आम्ही ताम्बुआ पाठवतो आहोत. देवमाशाचा जुना दात आहे, माझ्या आजोबांच्या वेळचा. सुवातली आपली मंडळी तो तुझ्या डॉक्टरांपुढे ठेवतील. शिवाय गावातल्या सगळ्यांनी सह्या करून लिहून दिलं आहे की आम्ही चाळीसच्या चाळीस घरं केलेराकडे जातो. हे चालेल ना?

विलिसीचे पाय सुजले आहेत. केलेरा रोज येऊन बघते आणि मीठ कमी कर म्हणते. मागच्या पत्रात मी जे बोललो ते बोटीत बसलेल्या बापाचं बोलणं होतं. मनावर घेऊ नकोस.

लोभ होता तेवढाच आहे, थोडा खाली मान घालून आहे.
मोमो

*

सुवा,
१९ ऑक्टोबर १९९२

ती. मोमो यांस, शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. आपोरोसी कामावर परत आला. आपली मंडळी रांगेने आत आली, खाली बसली आणि ताम्बुआ पुढे ठेवला. डॉक्टर गौंडरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या आजीने असंच शिकवलं असावं. मग त्यांनी आपोरोसीची माफी मागितली, सगळ्यांसमोर. नंतर मला हळूच विचारलं की याची नोंद साहित्यात करायची की फर्निचरमध्ये.

आता तुमच्या सह्यांचा कागद. तो मी परत पाठवते आहे. मोमो, केंद्र जाणार हे कळल्यावर कुठलं गाव सही करणार नाही? चाळीसच्या चाळीस! लितियाला पाच घरांनी सरळ सांगितलं होतं की आम्ही जात नाही. त्यांनीही सही केलीच ना? आधी तुम्ही गंमत म्हणून कमी सांगितलंत, आता भीतीने जास्त सांगताय.

पण आपण वाचलो ते तुमच्या टोपलीमुळेच. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती, कुणी आपल्या मर्जीने निवडली नव्हती. म्हणून लितियाची वीस घरं ही अख्ख्या गावाचा मासला आहे. आपोरोसीची वीस बाजूला ठेवली तरी चालतं. विसांपैकी पंधरा. थोडं इकडेतिकडे धरलं तरी निम्म्याच्या खाली सहसा जात नाही. डॉक्टरांनी मान्य केलं.

इथेच पत्र संपवता आलं असतं. मला तसं करायचंही होतं. पण डॉक्टरांनी निघता निघता एक वाक्य टाकलं: जो नियम एका गावाला लावला तो सगळ्या गावांना लावायचा. विचारणारा आणि सांगणारे तौवू निघाले, की विचारणाऱ्याचा ढीग बाजूला. मी मान हलवली आणि यादी करायला बसले. पहिलंच नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

वातुलोआ. विचारणारी मी.

तुमच्यावर हसत होते ना मी? लितियाच्या अठरा घरांपैकी सात नर्सकडे जातात. माझ्या अठरांपैकी सतरा. पुन्हा कवड्या काढल्या, हलवल्या, काही उपयोग झाला नाही. ती म्हातारी रोज सकाळी नर्सकडे जाते म्हणाली होती ना? तिचं पुढचं वाक्य आता आठवतं. नाइथोबोचे लोक अजून शिल्लक आहेत का, ते विचारायला जाते म्हणाली होती. मी पोट धरून हसले आणि 'जातो' या रकान्यात खूण केली. माझी छत्री त्यांनी डोळ्यांदेखत पळवली, तरी मला वाटलं की गंमत छत्रीपुरती आहे. आपोरोसीने निदान दहा वेळा सांगितलं की लोक बोलले तेच मी लिहिलं. मी तर त्यांचं बोलणं शिकवणीसारखं तुम्हाला ऐकवलं.

मोमो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर नाइथोबोचंही केंद्र राहिलं असतं आणि वातुलोआचंही. आपोरोसीची आई तिथे असते, तिला साखरेचा त्रास आहे. दिवसभर मी तो कागद पुढे घेऊन बसले. पण तुमच्यासाठी जो दरवाजा मी उघडला तो त्यांच्यासाठी बंद ठेवला, तर मी आकडा खोडलाच की. तीन घरं नव्हे, अठरा. मी डॉक्टरांना सांगितलं. सात हा आकडा लिहिला, माझा ढीग बाजूला ठेवला, आणि ठळक अक्षरांत हेही लिहिलं की एवढ्या थोड्या घरांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, खरा आकडा निम्म्याच्या वरही असू शकतो, वातुलोआला परक्या माणसाकडून पुन्हा विचारावं. खात्याने ठरवलं आहे की नाइथोबोचं केंद्र चालू राहील. वातुलोआची नर्स डिसेंबरात निवृत्त होते आहे; पुन्हा विचारून होईपर्यंत तिच्या जागी कुणी पाठवणार नाहीत. त्याला वर्ष लागेल.

आपोरोसीला मीच सांगितलं. तो माझ्याशी बोलेनासा झाला. काल कामावरून निघाले तर माझी दुसरी छत्री जागेवर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर तो ती उघडून रस्त्याने चालला होता, पावसाचा थेंब नसताना. मी तिथेच रडले.

विलिसीला सांगा, नर्स राहते आहे. बाकी काय लिहू? तुमचा लोभ मला या वेळी जरा जास्त लागेल.
तोरिका

*

नाइथोबो,
८ फेब्रुवारी १९९३

चि. तोरिका हिस,
मोमोचे, नेईचे, विलिसीचे, आणि ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांचेही अ. उ. आ.

मुलगी झाली. जानेवारीच्या सोळाव्या दिवशी, समुद्र इतका खवळला होता की बोट पाण्यात घालायचा विषयच नव्हता. विलिसीचं रक्त थांबेना तेव्हा केलेराने मला बाहेर काढलं. मी माझ्याच त्या ओंडक्यावर बसून राहिलो. धर्मोपदेशक असून मला एक प्रार्थना धड आठवेना. मग आतून रडणं ऐकू आलं, आधी लहान आणि मागून विलिसीचं. दोघी बऱ्या आहेत.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी सभेत वाचलं होतं, पण त्याबद्दल तुला काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आमचं केंद्र राहिलं म्हणून आधी टाळ्या पडल्या, आणि वातुलोआचं वाचल्यावर टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावे ते कुणाला कळेना. कुणीतरी म्हणालं की तोरिकाने तेवढं गप्प राहायला हवं होतं. तेव्हा विलिसी उठली, पोट सावरत, आणि म्हणाली की तिने खोटं लिहून माझी नर्स ठेवली असती तर मला रोज वाटत राहिलं असतं की ही कुणाची तरी उचलून आणली आहे. मी तुझ्यावर रागावलो होतो, तोरिका. आता तुझ्या आईची आठवण येते आणि ऊर भरून येतो, तेही लिहून ठेवतो.

समुद्र शांत झाल्यावर वातुलोआची बोट आली. आपोरोसी पुढे उभा, त्याच्या मागे सगळं गाव भरलेलं. बाळ बघायला आलो म्हणाले. तौवूच ते! आधी माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. मग डुक्कर घेतलं. नेईच्या दोन चटया घेतल्या, कामिनिएलीची काठी घेतली, बाळ बघून नाक नाइथोबोचं आहे म्हणून हळहळले. आम्ही हसत होतो, कारण दुसरं काही करायची रीत नाही. आणि मग आपोरोसीच्या आईने केलेराचा हात धरला, तिची औषधांची पेटी केलेराच्याच भाच्याच्या डोक्यावर दिली आणि तिला बोटीकडे घेऊन निघाली. म्हणाली की हीही घेतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तौवूने उचललेली वस्तू परत मागता येत नाही, हे काय मी तुला शिकवू? मी केलेराला विचारलं की तुला हे चालेल का. ती म्हणाली की तुमच्यापैकी कुणी आधी विचारलं असतं तर ती ऑक्टोबरातच हो म्हणाली असती. एवढंच म्हणाली की पेटीतल्या बाटल्या फुटल्या तर ती दोन्ही गावांना इंजेक्शन देईल.

तर आता असं आहे. महिन्यातला एक आठवडा केलेरा तिकडे असते, आणि तिकडचं कुणी अडलेलं असलं तर जास्तही. नेआण वातुलोआची बोट करते. मोठ्या बेटाच्या डॉक्टरांना आम्ही रीतसर अर्ज पाठवला. त्यांची परवानगी आली तोवर ती एक खेप करून आली होती.

तुमची माणसं वातुलोआला पुन्हा विचारायला येतील तेव्हा लितियालाच पाठव. आमच्याकडेही पाठव. आम्ही गंभीर तोंड करून खरं सांगू की केलेरा आमची नर्स आहे. तेही गंभीर तोंड करून खरं सांगतील की केलेरा त्यांची नर्स आहे. आमच्या टोपलीत कवड्या कितीही हलवल्या तरी या दोन उत्तरांत फरक सापडायचा नाही.

बाळाचं नाव ठेवायचा मान वातुलोआने आपणहून घेतला, आम्हाला विचारलंही नाही. काय ठेवलं ते इथे येऊन ऐक. एवढंच सांगतो की चर्चमध्ये ते नाव पुकारलं तेव्हा विलिसीने माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांनाही तू समोर बसली आहेस असं वाटलं.

लोभाचं मोजमाप आता तूच कर, माझे शिंपले संपले.
तुझा,
मोमो

ता. क. तुझी निळी छत्री दिसली. पहिल्या खेपेला केलेरा बोटीत बसली तेव्हा ऊन फार होतं. आपोरोसीच्या आईने ती उघडली आणि वातुलोआचा किनारा येईपर्यंत केलेराच्या डोक्यावर धरून उभी राहिली. परत मागू नकोस.